राडारोड्याचा हिशेब

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

पर्यावरणाच्या विषयासाठी आम्हा द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक प्रकल्प करावा लागतो. वर्गातील बहुतेकांनी गोदावरीचे प्रदूषण, प्लॅस्टिकबंदी, घंटागाडी असे विषय घेतले. मी उभी राहून ‘बांधकामावरील राडारोडा’ असे सांगितले तेव्हा मागच्या बाकांवर थोडा हशा झाला. सर मात्र हसले नाहीत. “विषय चांगला आहे, पण आकडे कुठून आणशील?” एवढेच त्यांनी विचारले. आकड्यांचे तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हते. मी म्हणाले, की माझी आई साईटवर बिगारी आहे आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, ट्रॅक्टर चालवतात, तेव्हा राडारोडा आमच्या घरात दोन्ही बाजूंनी येतो. त्या प्रकल्पात जे बसले नाही तेही धरून हा लेख लिहिला आहे.

२०१२ च्या दुष्काळानंतर आम्ही नांदगाव तालुक्यातून नाशिकला आलो. तेव्हापासून इंदिरानगरच्या कडेला एका वस्तीत राहतो. मुंबई-आग्रा रस्ता आणि वडाळा-पाथर्डी रस्ता यांच्या आसपासच्या या भागात तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेले बंगले आणि तीन मजली अपार्टमेंट आता एकामागून एक पाडले जात आहेत व त्यांच्या जागी सात-सात मजले उभे राहत आहेत. एकाच जागेवर आधी पाडण्याचा राडारोडा निघतो आणि मग बांधण्याचा. आई अशाच एका साईटवर कामाला आहे. मी सुमारे चार महिने दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी तिच्याबरोबर जात असे. लेखात कंपनीचे, मुकादमाचे किंवा ठेकेदाराचे नाव घातलेले नाही. आईची हजेरी तिथे लागते हे त्याचे पहिले कारण. दुसरे असे, की ही तऱ्हा एकट्या त्या कंपनीची आहे असे मला कुठेच दिसले नाही.

पहिल्याच रविवारी मी सुपरवायझरसाहेबांना विचारले, की या साईटवरून आजपर्यंत किती राडारोडा निघाला? ते म्हणाले, “ताई, सिमेंटचा विचारा, सळईचा विचारा. मलब्याचा कसला हिशेब?” पण माणूस भला. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवले. सिमेंट आले किती गोण्या, लागले किती, शिल्लक किती, असे तीन रकाने. सळईचे माप मिलिमीटरप्रमाणे वेगवेगळे. वाळू, खडी, विटा, ब्लॉक, मजुरांची हजेरी, सगळे नीट. राडारोड्याला रकाना नव्हता. शेवटच्या पानांवर मात्र ‘ट्रॅक्टर फेरी’ अशी नोंद होती, तारीख आणि रक्कम. म्हणजे कंपनीच्या वहीत राडारोडा ही वस्तू नाहीच, तो फक्त एक खर्च आहे. काय गेले, किती गेले आणि कुठे गेले हे वहीला माहीत नाही, फेरीचे पैसे दिले एवढेच माहीत आहे. कंपनीने किती कचरा केला आणि त्यातला किती पुन्हा वापरला, याचा निकाल या वहीवरून कोणी कसा लावणार?

म्हणून मी उलट बाजूने हिशेब मांडून पाहिला. टायफॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने २००१ साली काही ढोबळ प्रमाणे दिली होती आणि ती आजही सर्वत्र वापरली जातात. नवे बांधकाम असेल तर एका चौरस मीटरला ४० ते ६० किलो कचरा, आणि पक्की-अर्धपक्की इमारत पाडायची असेल तर चौरस मीटरला ३०० ते ५०० किलो. आईच्या साईटचे एकूण बांधकाम सुमारे २,८०० चौरस मीटर आहे. म्हणजे इमारत पूर्ण होईपर्यंत ११२ ते १६८ टन राडारोडा निघायला हवा. आता हे टन ट्रॉलीत मोजू. आपल्याकडे वाळू, मुरूम, खडी सारे ब्रासमध्ये मोजतात; एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसतो आणि एका ब्रास राडारोड्याचे वजन चार टनांच्या आसपास भरते. म्हणजे २८ ते ४२ फेऱ्या. याच जागेवर आधी असलेला बंगला सुमारे २५० चौरस मीटरचा होता. तो पाडताना ७५ ते १२५ टन माल निघाला असणार. एवढ्याशा बंगल्याचा राडारोडा अख्ख्या सात मजल्यांच्या राडारोड्याला जवळजवळ गाठतो, हे गणित मांडेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. पाडकाम पाच दिवसांत उरकते, बांधकाम दोन वर्षे चालते, म्हणून आपले लक्ष दुसरीकडेच असते.

याच गणितामुळे मला कायद्यातली एक गोष्ट दिसली. बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम २०१६ साली झाले. कचरा करणाऱ्या प्रत्येकाने तो वेगळा करावा, आपल्या आवारात ठेवावा, नेमून दिलेल्या जागी पोचवावा, रस्त्यावर किंवा नाल्यात टाकू नये, हे त्यात सर्वांनाच सांगितले आहे. पण ज्याचा कचरा एका दिवसात २० टनांहून अधिक किंवा एका प्रकल्पातून महिन्यात ३०० टनांहून अधिक निघतो, त्याच्यावर त्या नियमांनी जास्तीचे बंधन घातले. त्याने काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लॅस्टिक आणि विटा-चुना-सिमेंट असे चार ढीग वेगळे करायचे, काम सुरू करण्याआधी कचऱ्याचा आराखडा मंजूर करून घ्यायचा आणि वाहतुकीचा व प्रक्रियेचा खर्च सोसायचा. आता आमची साईट पाहा. दोन वर्षांत मिळून जिचा कचरा १६८ टनांपलीकडे जात नाही, ती महिन्याची ३०० टनांची रेषा कधी ओलांडणार? बंगला पाडताना दिवसाला १५ ते २५ टन होतात, म्हणजे वीस टनांची रेषा पायाखालीच असते. पाडणाऱ्याने काम एक-दोन दिवस लांबवले की तीही ओलांडली जात नाही. २०२५ साली केंद्राने नवे नियम जाहीर केले व त्यांचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरवला. त्यात बांधणाऱ्यावर पुनर्वापराची टप्प्याटप्प्याने वाढणारी जबाबदारी टाकली आहे. ती २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्रकल्पांना आहे. आमची साईट त्याच्या एक सप्तमांश. इंदिरानगरात मी पाहिलेली बहुतेक कामे याच मापाची आहेत. मोठ्या प्रकल्पावर आधी नजर ठेवावी हे मला पटते. तिथे एकाच ठिकाणी पुष्कळ माल असतो. पण लहान लहान साईट मिळून जो डोंगर होतो तो कोणाच्याच आराखड्यात येत नाही.

एवढे वाचून कोणाला वाटेल, की साईटवर सारेच वाया जाते. तसे मुळीच नाही. ज्याला बाजारात भाव आहे त्याचा कणही वाया जात नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सळईचे हातभर तुकडे फिटर एका पिंपात टाकतात. स्लॅबची सेंट्रिंग उघडली की फळ्यांचे खिळे उपसण्याचे काम बायकांचे. आईने या कामात पुष्कळ वर्षे घालवली आहेत. उपसलेले वाकडे खिळे दगडावर ठेवून हातोडीने सरळ करतात आणि ते पुन्हा ठोकले जातात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या झटकून, पंचवीस-पंचवीसच्या गठ्ठ्याने बांधून मुकादमाच्या खोलीत जातात. त्यांना दोन-तीन रुपये नग मिळतात. फुटलेल्या फळ्या मजुरांच्या चुलीत. तारेचे भेंडोळे, पाइपचे तुकडे, पत्र्याचे डबे भंगारवाला उचलतो. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार २०१७ साली हटवला तेव्हा वर्तमानपत्रांत अतिक्रमण एवढाच शब्द होता. शहराच्या सळईचे तुकडे कोण गोळा करते याचा विचार त्या बातम्यांत मला तरी सापडला नाही. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळवून सळई बनते हे आपण जाणतोच. साईटवरून किलोवर विकलेला तुकडा तिकडे जाऊन पुन्हा एखाद्या स्लॅबमध्ये बसत असेल.

हे सारे पुनर्वापरच आहे, आणि ते कंपनी करत नाही. आई, फिटर आणि भंगारवाला करतात. कंपनीच्या वहीत तेही लिहिलेले नाही.

उरतो तो विटांचे तुकडे, गळलेला गिलावा, फुटके काँक्रीट, टाइलच्या चिपा. यालाच खरा राडारोडा म्हणायचे, कारण याला कोणी भाव देत नाही. तो इतका का निघतो, हे शोधताना मला अर्थशास्त्राच्या तासाचा उपयोग झाला. गिलावा करताना गवंडी भिंतीवर माल मारतो, त्यातला बराच खाली पडतो. भिंतीच्या बुडाशी आधी गोणपाट किंवा ताडपत्री अंथरली तर पडलेला माल तसाच उचलून पुन्हा मारता येतो. मात्र तो अर्ध्या तासाच्या आत उचलला पाहिजे, कारण त्यानंतर सिमेंट घट्ट होऊ लागते. हे प्रत्येक जुन्या गवंड्याला माहीत आहे. तरी गोणपाट अंथरलेला मला क्वचितच दिसला. मी एका गवंडीकाकांना कारण विचारले. त्यांनी सरळ सांगितले, “मला चौरस फुटावर पैसे. खाली वाकलो तर माझे फूट कमी होतात. सिमेंट काय, कंपनीचं आहे.” ठेकेदाराची मजुरी मापावर आणि माल मालकाचा, अशी विभागणी झाली की माल वाचवण्यात हात चालवणाऱ्याचा काहीच फायदा उरत नाही. मालकाला वाटते मजूर निष्काळजी आहेत. मजूर निष्काळजी नाहीत, ते आपले माप वाचवतात.

दुसरे कारण तर हास्यास्पद आहे. भिंत आधी उभी करतात आणि मग विजेच्या व नळाच्या पाइपांसाठी तीच फोडून झिरी मारतात. त्यावर फ्लॅट घेणारा येतो आणि बसवलेल्या टाइल आवडल्या नाहीत म्हणून उखडायला लावतो. एका फ्लॅटमध्ये एकच न्हाणीघर तीनदा झालेले मी पाहिले. आई म्हणते, आपल्या गावच्या घराला एवढ्या वेळा कोणी हात लावला नाही.

गावच्या घराची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. आजीचे घर मातीचे आणि लाकडाचे होते. त्याची एक भिंत पावसात बसली तेव्हा त्याच मातीत पाणी आणि भुसा घालून ती तुडवली व पुन्हा भिंत घातली. सरे-खांब तेच राहिले. पुढे घर मोडले तेव्हा लाकूड विकले गेले आणि पांढरीची माती शेतकऱ्यांनी गाड्या भरून शेतात नेली. मागे काही उरलेच नाही. नाशिकचे जुने वाडे उतरवतात तेव्हाही सागवानी खांब, तुळया, दारे यांना गिऱ्हाईक असते आणि विटाही सुट्या होतात. “चुन्यातली वीट हातोडीनं टक् केलं की सुटते,” आई म्हणाली, “सिमेंटातली वीट फुटते, पण सुटत नाही.” सिमेंटचा जोड विटेपेक्षा बळकट होतो, म्हणून वीट जोडातून न निघता मधूनच तुटते. आपण घर पक्के करत गेलो तसे त्याचे पुन्हा सुटे होणे संपत गेले. जुने ते सोने असे म्हणण्याचा माझा हेतू नाही; त्या मातीच्या घरात पावसाळ्यात झोपणे काय असते ते मला आठवते.

आता हा राडारोडा साईटवरून निघून कुठे जातो, तिकडे येते. येथे लिहिणे मला अवघड आहे, कारण ट्रॅक्टरवर अण्णा असतात. ट्रॅक्टर त्यांचा नाही, मालकाचा आहे; त्यांना महिन्याचा पगार. फेरीचे पैसे कंपनी मालकाला ठरवून देते, मग माल दोन किलोमीटरवर टाका नाहीतर दहा. लांब गेले तर डिझेल मालकाचे जाते आणि दिवसाच्या फेऱ्या कमी होतात. म्हणून जागा जवळची शोधली जाते. कोणाचा खोलगट प्लॉट असेल आणि त्याला भराव हवा असेल तर उत्तमच. तो मालकाला वर पैसेही देतो. असा प्लॉट नसला की अंधार पडल्यावर नाल्याचा काठ. अण्णांना मी विचारले, तुम्ही नाही म्हणत नाही का? ते म्हणाले, “जागा नाही म्हणून थांबलो तर मालक दुसरा ड्रायव्हर बघतो. माल काय, जातोच.”

आमची वस्ती अशाच एका नाल्याच्या काठाला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला. अशा वेळी सगळ्या नाशिकचे डोळे दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले इकडे असतात. त्याच दिवसांत आमच्या नाल्याचे पाणी वस्तीत शिरले आणि आमच्या घरात गुडघाभर उभे राहिले. माझी सहावी-सातवीची पुस्तके तेव्हा भिजली. नाला पूर्वी रुंद होता, दोन्ही काठांनी भराव पडत पडत तो अरुंद झाला, हे वस्तीतील सर्वांना माहीत होते. कोणी अण्णांना बोलले नाही, कारण वस्तीत आणखी चार ड्रायव्हर आहेत. पाणी ओसरल्यावर अण्णांनी मालकाला विचारून दोन ट्रॉल्या राडारोडा घरी आणला, आणि आम्ही जोते हातभर उंच केले. त्यानंतर घरात पाणी आले नाही. म्हणजे जो माल नाल्यात जाऊन पाणी घरात आणतो तोच माल घराखाली जाऊन पाणी बाहेर ठेवतो. प्रकल्पात मी हे कोणत्या रकान्यात घालावे ते मला ठरवता आले नाही. वस्तीतील निम्म्याहून अधिक घरांचे जोते असेच भरलेले आहे.

मागच्या वर्षी एका रात्री ट्रॅक्टर पकडला गेला आणि दंड झाला. ती पावती मी पाहिली आहे. तिच्यावर ट्रॅक्टरचा नंबर होता, अण्णांचे नाव होते. माल ज्या साईटवरून निघाला तिचे नाव नव्हते. ते कोणी विचारलेही नव्हते. मालकाने दंडाची रक्कम अण्णांच्या पगारातून तीन महिने कापली. अण्णांनी टाकले ते चुकले, यात मला शंका नाही. पण नियमांत ‘कचरा निर्माण करणारा’ असा शब्द आहे आणि त्या पावतीवर कचरा वाहणारा होता. नियम वाचल्यावर या दोन शब्दांतले अंतर मला पहिल्यांदा कळले. हा मजकूर छापू का, असे मी अण्णांना विचारले. “छाप,” ते म्हणाले, “पण ट्रॅक्टरचा नंबर लिहू नको.”

या मालाचे काही होऊ शकते का? होऊ शकते, आणि होत आहे. दिल्लीत बुराडी येथे २००९ साली राडारोड्यापासून खडी, वाळू व फरसबंदीचे ठोकळे करणारा कारखाना सुरू झाला. देशातला तो पहिला. नोएडातील दोन उंच मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी काही सेकंदांत पाडले तेव्हा सुमारे ८०,००० टन राडारोडा झाल्याचा अंदाज होता. त्यातील काही तिथल्याच तळघरात भरला गेला आणि काही प्रक्रियेला गेला. मुंबई महानगरपालिकेसाठी दहिसर आणि शिळफाट्याजवळ डायघर येथे २०२४ मध्ये रोज ६०० टन क्षमतेचे प्रकल्प सुरू झाले. भारतीय मानक ३८३ मध्ये २०१६ साली सुधारणा होऊन जुन्या काँक्रीटची खडी वापरण्यास मान्यता मिळाली: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये पूर्णपणे. म्हणजे तंत्र आहे, परवानगीही आहे. तरी सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२० मध्ये दाखवून दिले, की देशात वर्षाला सुमारे १५ कोटी टन राडारोडा निघत असताना प्रक्रियेची क्षमता रोज ६,५०० टन, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास आहे.

अडचण भावाची आहे. पाथर्डी फाट्यावरून थोडे पुढे गेले की सारूळच्या बाजूला दगडाच्या खाणी आणि क्रशर दिसतात. डोंगर फोडून निघालेली ताजी खडी जवळ मिळत असताना जुन्या घराची खडी कोण घेईल? साईटच्या गच्चीवरून एका बाजूला पांडवलेणी दिसतात. तिथे कोरणाऱ्यांनी डोंगरातून दगड काढला आणि उरली ती पोकळी म्हणजेच इमारत. आपण डोंगरातून दगड काढतो, इमारत दुसरीकडे बांधतो आणि तिचे तुकडे तिसरीकडे टाकतो. असो, विषयांतर झाले.

भाव कायद्याने तयार होऊ शकतो याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची राख एके काळी नुसती साठत असे. १९९९ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांभोवतीच्या वीटभट्ट्यांना आणि बांधकामांना राख वापरणे बंधनकारक होत गेले. आज सिमेंटमध्ये, विटांमध्ये, ब्लॉकमध्ये राख असते आणि तिला गिऱ्हाईक आहे. २०१६ च्या नियमांतही महापालिका व सरकारी कामांत १० ते २० टक्के माल राडारोड्यापासून बनवलेला असावा असे म्हटले आहे. तेवढे एक कलम रस्ते, पदपथ आणि गटारांच्या निविदांत काटेकोर पाळले गेले तर ट्रॉलीला जाण्यासाठी नाल्याखेरीज जागा निर्माण होईल आणि तिथे जाण्यात मालकाचाही फायदा असेल. दंडाच्या पावत्यांनी जे होत नाही ते याने होईल असे माझे मत आहे.

आता एका प्रयोगाविषयी. सरांनी आकडे मागितले होते, म्हणून एका रविवारी आई, तिची एक सोबतीण आणि मी अशा तिघींनी मिळून एक ट्रॉली भरण्याआधी घमेल्याने मोजली. एका ब्रासमध्ये साधारण २०० घमेली बसतात. त्यात विटांचे तुकडे ५२ घमेली निघाले, ब्लॉकचे तुकडे ३२, गिलावा व वाळलेला माल ६१, काँक्रीट २७, टाइल व फरशी १५, आणि उरलेल्या १३ घमेल्यांत प्लॅस्टिक, थर्माकोल, जिप्समचे तुकडे, रंगाचे डबे, चिंध्या, चहाचे कप. एका ट्रॉलीवरून शहराविषयी बोलता येत नाही हे मला माहीत आहे. पण एक गोष्ट लक्षात आली. त्या १३ घमेल्यांमुळे बाकीची १८७ बिघडतात. सगळे एकत्र झाल्यावर ते ना खडीचे राहते ना भरावाचे. वेगळे करायला आम्हा तिघींना तीन तास लागले. म्हणजे ट्रॉलीमागे एका बाईची दिवसभराहून अधिक मजुरी. हाच माल पडतानाच वेगळ्या ढिगात पडला असता तर हे तीन तास लागलेच नसते.

सुपरवायझरसाहेब हे सारे जिन्यात उभे राहून पाहत होते. विटांचा ढीग पाहून ते म्हणाले, की गच्चीच्या कोब्याला रोडे लागतीलच. गच्चीवर पाणी मुरू नये म्हणून विटांचे तुकडे सिमेंटात बसवून जो थर देतात त्याला कोबा म्हणतात. तो सर्वांत शेवटी होतो. विटांचे तुकडे मात्र वर्षभर आधी निघतात आणि ठेवायला जागा नाही म्हणून ट्रॉलीत जातात. पुढे कोब्याच्या वेळी कंपनी रोडे विकत आणते. मी पार्किंगचा एक कोपरा मागितला. त्यांनी दिला. रजिस्टरच्या मागच्या पानावर मी एक रकाना आखला, वर ‘रोडे, घमेली’ असे लिहिले. आईला लिहिता येत नाही. ती रोज संध्याकाळी घमेल्यामागे एक रेघ मारी, पाच झाल्या की आडवी काट.

अकरा आठवड्यांत रेघा ४३० झाल्या, म्हणजे दोन ब्रासांहून थोडे अधिक. कोब्याला ते सारे लागले. आणखी दीड ब्रास विकत आणावे लागले. अण्णांच्या मालकाच्या दोन फेऱ्या बुडाल्या, त्याबद्दल तो घरी येऊन थोडे बोलून गेला. त्यानंतर आईची बदली शेजारच्या गल्लीतील नव्या साईटवर झाली. तिथे सध्या जुना बंगला पाडण्याचे काम चालू आहे, आणि तिथल्या रजिस्टरला अजून रकाना आखलेला नाही.